त्यांनी तिला तिथंच ठेवलं

आईचं नाव एका अमेरिकन सिनेटरच्या तोंडून ऐकलं तेव्हा मिलिंदच्या हातात सँडविच होतं आणि ते त्यानं खाली ठेवलं नाही. ठेवायला हवं होतं, असं त्याला नंतर वाटत राहिलं. क्लिप जाइल्सनं, म्हणजे त्याच्या बॉसनं, पाठवली होती. वर एकच ओळ: ही तुझी आई का? पडद्यावर कुठल्यातरी शाळेचं जिम्नॅशियम होतं, बास्केटबॉलची जाळी वर गुंडाळलेली, झेंडे, टोप्या, ऑगस्टच्या उकाड्यात हातातल्या कागदांनी वारा घेणारी माणसं. मधोमध बाह्या दुमडून उभा असलेला सिनेटर वेड मकॉर्ड आवाज एकदम खाली आणून सांगत होता की समुद्रापलीकडे, वेल्समध्ये, एक बाई होती. इंडियातून आलेली. डॉक्टरची बायको. ‘तिचं नाव होतं सुप्राबा.’ भ-मधला श्वास काढून घेतलेला, शेवटचा आ ताणलेला, आणि तरी ते आईचंच नाव होतं, नागपूरच्या शाळेत हजेरीला पुकारलेलं, लग्नात बाबांनी आग्रहानं तसंच ठेवलेलं. ‘ज्या सरकारी हॉस्पिटलात तिच्या नवऱ्यानं आयुष्य घालवलं, त्याच हॉस्पिटलाच्या कॉरिडॉरमध्ये, एका ट्रॉलीवर. दे लेफ्ट हर देअर.’ हॉलमधून एक आवाज आला. ओरडा नव्हे. भाजल्यावर माणूस श्वास आत ओढतो तसा, शेकडो माणसांचा एकदम. पुढच्या रांगेतल्या एका जाड बाईनं तोंडावर हात घेतला. तिच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. मिलिंदनं क्लिप पुन्हा लावली, या वेळी आवाज बंद करून. मग त्या बाईच्या हाताकडे बघत त्यानं सँडविचचा घास घेतला, आणि तो घास बराच वेळ तोंडातच राहिला.

तो वेस्टमिन्स्टरच्या मागच्या गल्लीतल्या एका थिंक टँकमध्ये काम करत होता. हॉस्पिटलं, शाळा, म्हाताऱ्यांची काळजी यांवर अहवाल लिहायचे, आणि सत्तेत यायची वाट बघणाऱ्या कन्झर्व्हेटिव्ह खासदारांनी त्यातली दोन वाक्यं उचलली की समाधान मानायचं, असं ते काम. बाबांना ते कधी पटलं नव्हतं. डॉक्टर शशी पिंपळापुरे, भूलतज्ज्ञ, नागपूरहून बायको आणि लहान मुलगा घेऊन आलेले, कार्डिफजवळच्या एका गावातल्या हॉस्पिटलात निवृत्तीपर्यंत राहिलेले आणि दर निवडणुकीला लेबरला मत देणारे. ‘त्या लोकांसाठी लिहितोस?’ एवढंच ते एकदा म्हणाले होते. पुढे विषय काढला नव्हता. बाबांनी विषय न काढणं हे मिलिंदला लहानपणापासून ओळखीचं होतं. घरात कुठंतरी खिडकी उघडी राहिल्यासारखं. गार लागायचं, पण कुठून ते सापडायचं नाही.

आणि मग मार्चमधली ती मेडनहेडची बैठक, लंडनबाहेरच्या नदीकाठच्या गावातली. तेव्हाच हे झालं होतं, त्याला ठाऊक होतं, क्लिप संपायच्या आधीच ठाऊक होतं. नोव्हेंबरात अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्हांचा पराभव झाला होता आणि त्यांच्यातले दोन गट, एकमेकांकडे पाठ करून, पुढच्या वेळचा उमेदवार आत्तापासूनच उभा करू लागले होते. त्यांना बोलावून घ्यावं, हरलेला पक्ष पुन्हा कसा उभा राहतो ते आपल्याकडून शिकू द्यावं, ही जाइल्सची कल्पना. नदीकाठचं एक मोठं घर भाड्यानं घेतलं होतं. एका गटाचं म्हणणं, आपण हरलो कारण लोकांना आपली भीती वाटते. झाडं, समुद्र, दवाखाने यांच्याविषयी बोला, आवाज खाली आणा. त्यांचा माणूस गव्हर्नर प्रेस्कॉट हेल, गुळगुळीत, हिशेबी, दोन्हीकडची मतं खेचणारा. दुसऱ्या गटाचं म्हणणं, आपण हरलो कारण आपण आपले राहिलो नाही. देव, कुटुंब, आणि सरकारनं आमच्या घरात पाय ठेवू नये, एवढं बोला आणि मोठ्यानं बोला. त्यांचा माणूस मकॉर्ड. पहिल्या सकाळी ब्रेकफास्टला दोन्ही गट दोन वेगळ्या टेबलांवर बसले आणि मधल्या टेबलावर मिलिंद एकटा, दोन्हीकडून त्याच्याकडे बटर मागितलं जात होतं. त्याला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं. हेलच्या गटाचा म्होरक्या डग्लस व्हिटमोर, सत्तरीकडे झुकलेला, ट्वीडचा कोट खास इंग्लंडसाठी घेतल्यासारखा, त्याला म्हणाला होता, ‘आम्ही डेमोक्रॅटांशी लढतो असं लोकांना वाटतं. आम्ही खरे लढतो ते त्या टेबलाशी.’

त्या टेबलावर केरी स्टॉडर्ड होती. मकॉर्डची भाषणं लिहिणारी. चाळिशीची, बारीक चणीची, जेवणाआधी डोळे मिटून क्षणभर थांबणारी. दुपारच्या सुट्टीत ती आणि मिलिंद नदीकाठच्या वाटेनं चालायला गेले. पाणी फुगलेलं होतं, पलीकडच्या काठावर कुणीतरी बोट उलटी घालून तिचा तळ खरवडत होतं, आणि तो खरखर आवाज पाण्यावरून येत होता. केरीचे वडील जानेवारीत गेले होते. ती सरळ सांगत गेली, कसे गेले, शेवटी काय म्हणाले, नर्सचा हात कसा गार होता. अशी माणसं सरळ कशी सांगतात याचं मिलिंदला नेहमी नवल वाटायचं. आणि अचानक तोही सांगू लागला. तुमच्या निवडणुकीच्याच आठवड्यात माझी आई गेली. कॉरिडॉर. ट्रॉली. बाबांचं जुनं हॉस्पिटल. इंग्रजीत ते किती भराभर आलं. वाक्यांना वजनच नव्हतं, परक्याची बॅग उचलून दिल्यासारखी. नीनाला, स्वतःच्या बायकोला, तो यातलं काहीच बोलला नव्हता. केरीनं ऐकताना त्याच्या बाहीला हात लावला आणि आईचं नाव विचारलं, आणि त्यानं दोनदा, सावकाश, तिला ते शिकवलं.

जाइल्सनं केबिनचं दार लावून घेतलं. ‘हे खरं आहे?’

‘खरं म्हणजे काय?’

‘मिलिंद, प्लीज. आपण फिलॉसॉफीचं डिपार्टमेंट नाही. तुझी आई कॉरिडॉरमध्ये होती का?’

‘होती.’

जाइल्सनं चष्मा काढून डोळे चोळले. उंच, भला माणूस, वाद नकोसा असलेला. तो सांगत गेला की तिकडे आरोग्यविम्याच्या कायद्यावरून रान पेटलंय, मकॉर्डच्या गटाला इंग्लंडच्या हॉस्पिटलांच्या भयकथा हव्याच आहेत, पण इथं आपले लोक रोज म्हणताहेत की नॅशनल हेल्थ सर्व्हिस आमच्या हाती सुरक्षित आहे. उद्या एखाद्या इथल्या वार्ताहराला कळलं की ही गोष्ट आपल्याच ऑफिसातून गेली, तर? ‘डग व्हिटमोर लंडनमध्ये आहे,’ तो शेवटी म्हणाला. ‘तुला भेटायचंय त्याला. तो म्हणेल ते जरा ऐकून घे. डगचे लोक आपले मित्र आहेत.’ मित्र या शब्दावर तो थोडा अडखळला.

मिलिंदनं बाहेर रस्त्यावर येऊन केरीला फोन लावला. तिकडे सकाळ होती. मागं कुठंतरी टोस्टर उडाल्याचा आवाज आला.

‘तू विचारायला हवं होतंस,’ तो म्हणाला.

‘हवं होतं,’ ती लगेच म्हणाली. ‘मी लिहिलं तेव्हा वाटलं, तो वापरणार नाही. मग त्यानं वापरलं, आणि तू पाहिलंस का, लोक रडले. तुझ्या आईसाठी रडले, मिलिंद. तिला न ओळखणारी माणसं.’ मग जरा थांबून, ‘डग व्हिटमोर तुला ते खोटं आहे म्हणायला लावेल. मी काही रचलेलं नाही. तू बोललास तेच आहे. शब्दन् शब्द.’

हेच वाईट होतं. तो फुटपाथवर उभा राहून आठवत होता आणि तिनं एकही शब्द वाढवलेला त्याला सापडत नव्हता.

डग सेंट जेम्सच्या एका हॉटेलात, लाउंजच्या कोपऱ्यात बसला होता. चहा आधीच मागवलेला. तो उठून उभा राहिला, मिलिंदचा हात दोन्ही हातांत घेतला, आईबद्दल वाईट वाटलं म्हणाला, आणि ते त्याला वाटलंही असावं. मग त्यानं चहा ओतला आणि ओतता ओतताच बोलू लागला. मकॉर्ड उमेदवार झाला तर पक्ष पिढीभर सत्तेबाहेर राहील. हे वैर नाही, हे साधं गणित आहे. रविवारी गव्हर्नर हेल टीव्हीवर आहेत. त्यांना मकॉर्डबद्दल विचारतीलच. त्या वेळी त्यांच्या हातात एक वाक्य हवं. मृत बाईच्या मुलाचं. ‘सिनेटरनं माझ्या आईच्या मृत्यूबद्दल खोटं सांगितलं.’ एवढंच. मग मकॉर्ड संपला.

‘पण ती कॉरिडॉरमध्ये होती.’

‘त्यामुळं गेली?’

समोरच्या टेबलावर एक म्हातारा चमच्यानं कपातली लिंबाची चकती काढू पाहत होता. ती पुनःपुन्हा निसटत होती.

‘बघ,’ डग हळू म्हणाला, ‘तुला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही. आणि माहीत नसताना त्यानं सांगितलं. यालाच खोटं म्हणतात.’ मग कपाच्या कडेवरून त्याच्याकडे बघत, ‘तुझे वडील डॉक्टर आहेत. ते सांगू शकतील. आमच्या लोकांना त्यांचा नंबर मिळायला फार वेळ लागणार नाही. पण मुलाकडून आलेलं बरं दिसतं. उद्या दुपारी फोन करतो.’

धमकी होती का ती? घरी जाताना, ईलिंगच्या ट्रेनमध्ये दाराशी उभं राहून तो ते वाक्य उलटसुलट करून बघत राहिला. ते इतक्या मऊ आवाजात आलं होतं. डग मऊ, केरी मऊ, जाइल्स मऊ. मार्चमध्ये दोन टेबलांच्या मधे बसून त्याला जी गंमत वाटली होती ती आता अंगाला चिकटत होती. त्याला वाटलं होतं, आपण बघणारे आहोत. आपल्या हातात फक्त बटरची बशी आहे. आणि त्या दोन्ही टेबलांवर हळूहळू, एक एक करून, त्याची आई, तिचे पांढरे झालेले ओठ, पायातला एकच मोजा, सगळं मांडलं गेलं होतं, आणि आता कुणाच्या ताटात काय जाणार यावर बोलणी चालली होती.

नीनाला कळलं होतं. ऑफिसातल्या कुणीतरी तिला ती क्लिप दाखवली होती. ती स्वयंपाकघरात उभी होती, अजून बाहेरच्या कपड्यांत.

‘मला तू म्हणालास, ऑपरेशन झालं आणि सकाळी गेल्या,’ ती म्हणाली. ‘एवढंच. मी विचारलं तर म्हणालास, बाकी काही नाही. कॉरिडॉरचं मला एका अमेरिकन माणसाकडून कळतं, मिलिंद. सिनेटरकडून.’

‘मला सांगता येत नव्हतं. मार्चमध्ये त्या सिनेटरची भाषणं लिहिणाऱ्या बाईजवळ बोललो, तेवढंच.’

‘तिला सांगता आलं.’

त्यानं नळ सोडला आणि बंद केला. नीनाचा राग त्याला चालला असता, पण ती रागावलेली नव्हती. तो कोणत्या खोलीत आहे हे शोधत असल्यासारखी ती त्याच्याकडे बघत होती.

‘बाबांना माहीत आहे हे?’

‘नसावं.’

‘मग सकाळची पहिली ट्रेन घे,’ ती म्हणाली. ‘त्यांनी हे दुसऱ्या कुणाकडून ऐकता कामा नये. माझ्यासारखं.’

पॅडिंग्टनहून गाडी सुटली. मेडनहेडचा पूल आला आणि गेला. खाली नदी उन्हात पसरलेली होती, बोटी, पांढऱ्या टोप्या, कुणाचंतरी हसणं काचेबाहेर दिसलं, ऐकू आलं नाही. मिलिंदनं डोळे मिटले आणि तो कॉरिडॉर आला. तो बोलावल्याशिवायच यायचा. हिरवट भिंत, त्यावर हात धुण्याची पोस्टरं, आणि ट्रॉल्यांची रांग, एकीला एक लागून. आई चौथी की पाचवी. पोट धरून, कुशीवर. बाबा तिच्या डोक्याशी उभे, कोट अंगात, एक हात ट्रॉलीच्या दांडीवर. सगळे त्यांना ओळखत होते. ट्रॉल्या ढकलणारा पोर्टर जाता जाता म्हणाला, ‘ऑलराइट, डॉक्टर पिम?’ पिंपळापुरे कुणाला म्हणता यायचं नाही, म्हणून पिम. सिस्टर आली, घामेजलेली. तिनं आईकडे बघितलं आणि बाबांना बाजूला घेऊन म्हणाली, मी वर बोलू का? सर्जनला तुमचं नाव सांगते, लगेच येतील. आणि बाबा म्हणाले, ‘नको. तुमची जी ऑर्डर आहे तीच राहू दे.’ मिलिंदनं ते ऐकलं. त्यानं मराठीत, दात आवळून, म्हटलं, ‘बाबा, एक शब्द बोला.’ बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या ट्रॉलीवर एक म्हातारा खाणकामगार होता, छातीतून शिट्टीसारखा आवाज येणारा, त्याच्याजवळ कुणीच नव्हतं. बाबा त्याच्याकडे बघत होते. ‘इथं प्रत्येक जण कुणाचातरी आहे,’ ते म्हणाले. नंतर आईचा नंबर आला, तिला नेलं, आतडं फुटलेलं निघालं, आणि सकाळी ती गेली.

त्यानंतर महिनोन् महिने एकच वाक्य मिलिंदच्या डोक्यात फिरत होतं. अंघोळीत, ऑफिसात, झोपेच्या काठावर. त्यांनी तिला तिथंच ठेवलं. रेडिंग स्टेशनावर गाडी थांबली, कुणीतरी लहान मुलाची ढकलगाडी आत चढवत होतं, आणि मिलिंदला एकदम ते दिसलं, इतकं स्पष्ट की त्याचे कान तापले. वाक्य मराठीत होतं. त्यांनी म्हणजे बाबांनी. घरात बाबांना दुसरं काय म्हणणार, ते आले, ते गेले, त्यांनी सांगितलं. त्या वाक्यात कधीच हॉस्पिटल नव्हतं, सरकार नव्हतं, कुणीच नव्हतं, फक्त कोट घालून उभा असलेला एक माणूस होता. आणि नदीकाठी, केरीसमोर, त्यानं ते जसंच्या तसं उचलून इंग्रजीत ठेवलं. दे लेफ्ट हर देअर. आदरार्थी बहुवचनाचं नुसतंच बहुवचन झालं. एका बापाचे पुष्कळ लोक झाले, चेहरा नसलेले, आणि मिलिंदला केवढं हलकं वाटलं होतं! त्याला वाटलं होतं ते केरीच्या सहानुभूतीमुळं. आता समुद्रापलीकडे एक गट त्या पुष्कळ लोकांकडे बोट दाखवून उमेदवार उभा करत होता, आणि दुसरा गट तेच बोट मोडून स्वतःचा. आणि त्या बोटाच्या टोकाशी खरं कोण आहे हे फक्त मिलिंदला माहीत होतं. त्याला वाटलं तसं. फक्त आपल्याला.

बाबा मागच्या बागेत होते, वाटाण्याच्या वेलांचे वाळलेले दांडे उपटत. आई गेल्यावर ते बारीक झाले होते. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल फिरत होती. मिलिंदला बघून त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. हात धुऊन ते बाकावर बसले.

‘सकाळी एका गृहस्थांचा फोन आला होता,’ ते म्हणाले. ‘अमेरिकन. फार अदबीनं बोलले. त्या सिनेटरचं भाषण त्यांनी मला फोनवरच ऐकवलं.’

मिलिंद उभाच राहिला. ‘काय म्हणालात तुम्ही?’

‘मुलाशी बोलून सांगतो म्हटलं.’ बाबा नखांतली माती काढत होते. ‘ते म्हणतात, हे खोटं आहे असं सांगा. मी विचार केला. खोटं काय आहे त्यात? ती होती कॉरिडॉरमध्ये. ट्रॉलीवर होती. फक्त एक शब्द चुकलाय.’

बागेत मधमाश्या होत्या, लॅव्हेंडरवर, त्यांचा आवाज वाढत चालल्यासारखा वाटला.

‘दे लेफ्ट नाही, ही लेफ्ट,’ बाबा म्हणाले. ‘तो शब्द तू दुरुस्त करणार आहेस का मी करू?’

म्हणजे त्यांना माहीत होतं. कदाचित कॉरिडॉरमध्येच. तो ‘एक शब्द बोला’ म्हणाला तेव्हाच, त्याच्या आवाजावरून. आणि इतके महिने दर रविवारी फोनवर हवा कशी आहे, नातीचा, सियाचा, अभ्यास कसा आहे, नीनाचं काम कसं आहे. मिलिंदला बाबांच्या चेहऱ्याकडे बघवेना. त्याला दिसत होतं काय होईल ते. बाबा खरं सांगतील. सगळं, नीट, केस सादर केल्यासारखं. आणि हेलचे लोक म्हणतील, बघा, नवऱ्यानंच अडवलं, सिनेटर खोटारडा. आणि मकॉर्डचे लोक म्हणतील, बघा, ती व्यवस्था माणसाला काय करून सोडते, स्वतःच्या बायकोसाठी तो तोंड उघडेना. सत्तर वर्षांचा हा माणूस, कॉलर सैल झालेला, एका जिम्नॅशियममधून दुसऱ्या जिम्नॅशियममध्ये फिरेल.

‘तुम्ही काही सांगायचं नाही,’ तो म्हणाला.

‘का? खरं आहे.’

‘त्यांना खरं नकोय, बाबा. त्यांना उमेदवार हवाय.’

खिशातला फोन थरथरला. डग वेळेचा पक्का होता. मिलिंद वाटाण्याच्या वाफ्याच्या कडेला गेला, पण बाबांना ऐकू येईल इतकाच.

‘मग?’ डगचा आवाज ताजा, झोप झालेला. ‘काय म्हणायचं आपण?’

‘काही नाही.’

‘म्हणजे सिनेटर म्हणाला ते खरं आहे, असं?’

‘असंही नाही.’

‘हो किंवा नाही, मिलिंद. तिसरं काही छापत नाहीत.’

‘ती माझी आई होती,’ मिलिंद म्हणाला. ‘तुमच्या गव्हर्नरची नव्हे आणि त्या सिनेटरचीही नव्हे. माझ्या वडिलांना पुन्हा फोन करायचा नाही. केलात, तर तुम्ही मला काय म्हणायला सांगत होता ते मी वाटेल त्या वार्ताहराला सांगेन. केरीलाही मी हेच सांगणार आहे.’

मग डग, कुठलाही राग नसलेल्या सुरात, म्हणाला, ‘कोण कोणत्या बाजूला नव्हतं, हे लोकांच्या फार लक्षात राहतं बरं का.’ आणि फोन बंद झाला.

तसं ते राहिलंही लक्षात. हिवाळ्याआधी जाइल्सनं त्याला लंचला नेऊन, मेन्यूकडे बघत, सांगितलं की ऑफिसातला आरोग्य विभाग, म्हणजे मिलिंदची नोकरीच, बंद करावा लागतोय, वरून दबाव आहे. कुठून ते त्यानं सांगितलं नाही. केरीनं मात्र, मिलिंदचा फोन गेल्यावर, बागेतल्या त्या दिवशीच संध्याकाळी आईची गोष्ट भाषणातून काढली. सिनेटर दुसऱ्या कुठल्या देशातल्या दुसऱ्या कुणा बाईचं सांगू लागला आणि लोक तिच्यासाठीही रडले. हेल टीव्हीवर दुसरंच काही बोलला. भांडण पुढं चालू राहिलं, आणि मिलिंदनं त्याकडे लक्ष देणं सोडलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी तो फोन हातात धरून वाफ्यात उभा होता, बुटांना ओली माती लागलेली.

‘झालं?’ बाबा म्हणाले.

‘झालं.’

‘तुला त्यांना सांगायचं नव्हतं, ते ठीक आहे. मला विचार.’

मिलिंद वळला. बाबा बाकावर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंडी परीक्षेला बसल्यासारखे.

‘सिस्टरला हो म्हटलं असतंत, तर ती वाचली असती?’

माणसाला झोपवून पुन्हा जागं करायचं, यात ज्यांचं आयुष्य गेलं, कुणाला किती श्वास आहे हे जे नुसतं बघून सांगायचे, ते बाबा तोंड उघडून थांबले.

‘माहीत नाही,’ ते म्हणाले. ‘रोज सकाळी मांडून बघतो. कधी वाटतं, हो. कधी वाटतं, आधीच उशीर झाला होता. माहीत नाही, मिलिंद.’

त्यांनी काहीतरी बचाव करावा, तत्त्व सांगावं, तो खाणकामगार सांगावा, यासाठी मिलिंद इतके महिने शब्द धारदार करून बसला होता.

‘तेव्हा तुला ओरडायचं होतं माझ्यावर,’ बाबा म्हणाले. ‘तिनं तुझा हात धरला, म्हणून तू गप्प बसलास. मी बघितलं. आता ती नाही.’ आणि मग, अगदी हळू, ‘ओरड.’

‘बाबा, काहीतरीच काय.’

‘ओरड म्हणतोय ना.’

आधी नुसता आवाज आला, शब्द नसलेला, त्यालाच न ओळखता आलेला. मग मराठी आली, लहानपणची, नागपूरची, कित्येक वर्षं न वापरलेली. तो ओरडला की तुम्हाला जगातला प्रत्येक माणूस दिसतो आणि घरातलं कुणी दिसत नाही. तो ओरडला की ती तुमच्याकडे बघत होती, एकटक बघत होती, आणि तुम्ही त्या म्हाताऱ्याकडे बघत होता. एक शब्द, बाबा, एक शब्द, का नाही बोललात, कुणासाठी वाचवून ठेवला होतात? त्याच्या तोंडातून थुंकी उडत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि बाबा हलले नाहीत, मान खाली घातली नाही, त्याच्याकडे सरळ बघत राहिले. त्यांचाही चेहरा भिजला होता आणि तो पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

कुंपणापलीकडे दार वाजलं. शेजारच्या मिसेस रीस, हातात कपडे वाळत घालायचे चिमटे, हेजवरून घाबरून डोकावत होत्या. ‘डॉक्टर पिम? सगळं ठीक आहे ना? काय झालं?’

बाबांनी घसा साफ केला. ‘सगळं ठीक आहे, मिसेस रीस,’ ते त्यांच्या त्या जुन्या, स्वच्छ, वॉर्डातल्या इंग्रजीत म्हणाले. ‘माझा मुलगा माझ्याशी बोलतोय.’